व्हिसा एक, नाके अनेक: युरोपात फोन चालू ठेवायचा तर

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागानं व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल वगैरे ॲपना एक निर्देश दिला. ज्या नंबरवर खातं उघडलंय त्या नंबरचं सिम फोनमध्ये नसेल, तर ॲप चालता कामा नये. हेतू सायबर चोरांना आळा घालण्याचा होता, पण पोटात गोळा आला तो युरोपच्या टूरची तिकिटं काढून बसलेल्यांच्या. कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच सल्ला पिढीजात चालत आलाय: ‘उतरल्या उतरल्या आपलं सिम काढून पाकिटात ठेवायचं आणि तिकडचं घालायचं.’

हा सल्ला या निर्देशाच्या आधीही फारसा बरा नव्हता. बँकेचा ओटीपी, यूपीआय, घरच्यांचा तातडीचा फोन, सगळं त्या पाकिटातल्या सिमबरोबर बंद पडायचं. तेव्हा प्रश्न थोडा बदलून विचारू. आपलं सिम फोनमध्येच ठेवून, बिलाचा दणका न बसता, युरोपात इंटरनेट कसं वापरायचं? त्यासाठी आधी रोमिंग नावाची भानगड काय आहे ते पाहायला हवं, कारण पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

रोमिंगमध्ये नेमकं घडतं काय?

तुमचं सिम ज्या कंपनीचं, ती तुमची घरची कंपनी. पॅरिसला उतरल्यावर तिचा टॉवर तिथे नसतो, म्हणून फोन फ्रेंच कंपनीच्या टॉवरला चिकटतो. फ्रेंच कंपनी तुमच्या कंपनीला विचारते, ‘हा तुमचाच का? याचे पैसे तुम्ही देणार ना?’ होकार आला की सेवा सुरू. महिनाअखेर दोन्ही कंपन्या आपसात घाऊक दरानं हिशेब करतात आणि तुमची कंपनी तो खर्च, त्यावर आपला नफा चढवून, तुमच्याकडून वसूल करते. दुसऱ्याच्या टॉवरवर आपल्या सिमनं चालणं म्हणजे रोमिंग.

इंटरनेटच्या बाबतीत एक गंमत असते. पॅरिसच्या लुव्हर संग्रहालयाच्या दारात उभं राहून तुम्ही काही शोधलंत, तरी ती मागणी बहुतेक वेळा आधी भारतात तुमच्या कंपनीकडे येते, इथून इंटरनेटवर जाते आणि उत्तर त्याच वाटेनं परत जातं. त्यामुळे भारतीय सिमच्या रोमिंगवर इंटरनेट जरा रेंगाळतं, पण जगाला तुम्ही भारतातच बसलाय असं दिसतं. म्हणजे आयपीएलचा सामना तुमच्या नेहमीच्या ॲपवर चालतो. तेच फ्रेंच सिम घातलंत की इंटरनेट सुसाट, पण ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी. सासऱ्यांची क्रिकेटची सोय बघायची असेल तर हे आधी ध्यानात घ्या.

युरोपात रोमिंग फुकट झालंय ना?

झालंय, पण युरोपियन सिमसाठी. युरोपीय संघानं २००७ मध्ये रोमिंगच्या दरांवर कमाल मर्यादा आणली, ती हळूहळू खाली ओढली आणि १५ जून २०१७ पासून ग्राहकावरचा हा जादा आकार काढूनच टाकला. जर्मन सिमधारक इटलीत गेला तर घरी असल्यासारखंच बोलायचं. २०२२ मध्ये हा नियम २०३२ पर्यंत वाढवला गेला.

मुंबईकरांना हे लगेच समजावं. मुलुंडच्या नाक्यावर जकातीसाठी ट्रकांची रांग लागायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. युरोपचे मोबाइलचे नाके त्याच्या बरोबर पंधरवडाभर आधी उठले. पण नाका उठतो तो हद्दीच्या आत. हद्दीबाहेरच्या नाक्यावर पावती फाडावीच लागते. आणि इथे मेख अशी की ही हद्द आपण व्हिसावरून ओळखायला जातो, आणि ती तशी नाहीच.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा, ही एक गोष्ट, युरोपीय संघ दुसरी, आणि मोबाइलचं बिनरोमिंगचं क्षेत्र तिसरी. या क्षेत्रात संघाचे २७ देश येतात, शिवाय नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन आणि जानेवारी २०२६ पासून युक्रेन व मोल्दोव्हा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, म्हणून तुमचा व्हिसा तिथे चालतो. पण तो संघात नाही आणि मोबाइलच्या या करारातही नाही. उलट आयर्लंडला शेंगेन व्हिसावर जाता येत नाही, पण सिम तिथे बिनतक्रार चालतं. ब्रिटन ब्रेक्झिटनंतर नियमाच्या बाहेर पडलं. तिथल्या कंपन्या आणि युरोपातल्या कंपन्या आपापल्या मर्जीनं ठरवतात.

आता आपल्याकडची ठरावीक टूर डोळ्यांसमोर आणा. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, मग जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट आणि तिथली कुकू घड्याळं. इथपर्यंत सगळं हद्दीच्या आत. तिथून बस ऱ्हाइन फॉल्सला येते. शाफहाउझेनचा हा धबधबा स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि जर्मन हद्द हाकेच्या अंतरावर. धबधब्याचा व्हिडिओ घरी पाठवताना फोन कुठल्या टॉवरवर आहे, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पुढे तीन-चार दिवस लुझर्न, टिटलिस, युंगफ्राउ. म्हणजे अख्ख्या टूरमध्ये ज्या दिवसांत सर्वांत जास्त फोटो निघतात, नेमके तेच दिवस हद्दीबाहेर. मग फाडुत्झला तासाभराचा थांबा, तिथे लिक्टेनस्टाइन म्हणून पुन्हा हद्दीच्या आत. संध्याकाळी इन्सब्रुक, ऑस्ट्रिया, आतच. एका दिवसात बसमध्ये बसल्या बसल्या तुमच्या फोननं तीन देश आणि दोन प्रकारचे दर ओलांडले, आणि बाहेर एकही नाका दिसला नाही.

छोट्या देशांकडे वेगळं लक्ष ठेवा. मोनॅको, अँडोरा, सॅन मरिनो संघात नाहीत. नीसहून अर्ध्या दिवसासाठी मोनॅकोला जाणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. क्रोएशियात दुब्रोव्निकला रस्त्यानं जाताना पूर्वी निउमजवळ हद्दीबाहेरच्या बोस्नियाचा काही किलोमीटरचा तुकडा ओलांडावा लागायचा, तेवढ्यात फोन बोस्नियन व्हायचा. २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाला आणि क्रोएशियातूनच जायची सोय झाली.

एक खुलासा इथेच करायला हवा. हे सगळं युरोपियन सिमचं झालं. भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घेतलात तर संघ, शेंगेन यांतल्या कशाशीच त्याचा संबंध नाही. पॅकबरोबर देशांची यादी येते, ती आणि तीच खरी. पॅकच्या नावात ‘युरोप’ आहे म्हणून स्वित्झर्लंड आहेच असं धरू नका. यादी उघडा आणि टूरच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या एकेका देशावर बोट ठेवून बघा.

मग पॅक घ्यावा, ई-सिम घ्यावं की तिकडचं सिम?

आठ-दहा दिवसांची टूर, फोनबद्दल फारशी आवड नाही, वय साठीच्या पुढे: आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्या आणि मोकळे व्हा. थोडे पैसे जास्त जातील, पण नंबर तोच, ओटीपी येतो, अडचण आली तर मराठी-हिंदीत बोलणारं कस्टमर केअर. आई-बाबांना ई-सिमच्या सेटिंग समजावत परगावच्या मुलानं रात्री दोनला व्हिडिओ कॉलवर बसायचं, त्यापेक्षा हे स्वस्तच पडतं.

पॅक घेताना तीन गोष्टी बघा. एक, देशांची यादी, जी वर झाली. दोन, दोहा, दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदलायचं असेल तर ते देश पॅकमध्ये आहेत का. नसतील तर तिथे भारतीय सिमचा डेटा बंद ठेवायचा आणि विमानतळाच्या वाय-फायवर भागवायचं. तीन, आणि हे सर्रास राहून जातं, तुमचा भारतातला नेहमीचा रिचार्ज टूर संपेपर्यंत जिवंत आहे का. मूळ रिचार्जची मुदत रोममध्ये संपली तर रोमिंग पॅकचं काय होईल, याचा शोध रोममध्ये घेण्यात काही मजा नाही. निघण्याआधीच रिचार्ज मारून ठेवा.

जरा फोन हाताळता येतो आणि डेटा भरपूर लागतो अशांसाठी ई-सिम हा माझ्या मते आज सर्वांत शहाणा मार्ग. त्याला थोडा वेळ देऊ.

ई-सिम: सिम, पण प्लास्टिकशिवाय

ई-सिम म्हणजे फोनच्या आतच बसवलेली चिप. तिच्यात कंपनीची ओळख इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, सहसा क्यूआर कोड स्कॅन करून. फोनमध्ये ही सोय आहे का हे बघायला डायलरवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. आयएमईआय क्रमांकांबरोबर ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी लांबलचक क्रमांक दिसला तर सोय आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ती आहे. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनांत असते, स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत नसते.

फोन परदेशातून आणलेला असेल तर उलटी अडचण येऊ शकते. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून सिम घालायची खाचच नाही. आयफोन १७ मध्ये ही तऱ्हा दुबई-कतारच्या फोनांनाही लागू झाली. भाच्यानं दुबईहून आणलेला असा फोन असेल तर आपलं भारतीय सिमही ई-सिम करून घ्यावं लागतं. ते काम निघण्याच्या आदल्या रात्री काढू नका.

प्रवासासाठी विकली जाणारी ई-सिम बहुतेक नुसत्या डेटाची असतात. नंबर मिळत नाही, साधा फोन लावता येत नाही. व्हॉट्सॲपवर बोलणाऱ्यांचं त्यावाचून अडत नाही. ‘अनलिमिटेड’ असं छापलेलं दिसलं तर खालचं बारीक वाचा: रोजचे काही जीबी संपले की वेग गोगलगायीवर येतो, आणि काहींवर हॉटस्पॉट चालत नाही. एकाच्या फोनवर चौघांनी चालवायचं ठरवलं असेल तर हॉटस्पॉटची अट आधी बघायची.

भारतात अशी आंतरराष्ट्रीय सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन मोठ्या कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून उतरवण्यात आली होती. त्यामुळे कोणाच्या तरी फॉरवर्डमधल्या लिंकवरून घेण्यापेक्षा परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या. पासपोर्टची प्रत मागितली तर बिचकू नका, तो नियमाचाच भाग आहे.

आता जिथे दहातले पाचजण अडकतात ती जागा. फोनमध्ये दोन लाइनी झाल्या, भारतीय सिम आणि प्रवासी ई-सिम. सेटिंगमध्ये मोबाइल डेटा कुठल्या लाइनीवरून घ्यायचा ते विचारतात, तिथे ई-सिम निवडा. मग ‘डेटा रोमिंग’ नावाचं बटण प्रत्येक लाइनीला वेगळं असतं. भारतीय लाइनीवर ते बंद ठेवा. ई-सिमच्या लाइनीवर ते चालू करा.

इथे माणूस थबकतो. ‘रोमिंग चालू केलं की बिल येतं ना?’ त्याचं उत्तर वरच्या परिच्छेदांत आहे. या ई-सिमची घरची कंपनी कदाचित पोलंडची असेल, कदाचित हाँगकाँगची. ते ई-सिम फ्रान्समध्ये रोमिंगवरच असतं, तसंच ते विकलं जातं आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. बटण बंद राहिलं तर कांड्या पूर्ण दिसतात, इंटरनेट मात्र शून्य. ‘फसवलं मेल्यांनी’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी अनेकांचं हे एक बटण बंद असतं.

शेवटचं एक बटण, आयफोनमध्ये विशेष. ‘सेल्युलर डेटा स्विचिंग’ असं काहीसं लिहिलेलं असतं. एका लाइनीला रेंज नसेल तर दुसरीवरून डेटा घ्यायची मुभा फोनला द्यायची का, असा त्याचा अर्थ. बंद ठेवा. बोगद्यात ई-सिमची रेंज गेली आणि फोननं परस्पर भारतीय सिमवरून डेटा ओढायचा प्रयत्न केला, असं नको.

क्यूआर कोड घरच्या वाय-फायवर, निघण्याच्या दोन दिवस आधी स्कॅन करून ठेवा. तो सहसा एकदाच चालतो. नंतर चुकून ई-सिम डिलीट केलं तर कोड पुन्हा चालेलच असं नाही. मुदत स्कॅन केल्यापासून मोजतात की तिथल्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यापासून, हेही विकत घेतानाच विचारायचं.

तिकडचं सिम: स्वस्त, पण पासपोर्ट काढा

महिनाभर मुलीकडे म्युनिकला राहायचंय, बाळंतपण आहे, रोज तास-तास बोलणं आहे: अशा वेळी तिकडचं प्रीपेड सिम घेणं बरं. दहा-वीस युरोत भरपूर डेटा मिळतो आणि स्थानिक नंबरही. डॉक्टरची वेळ घ्यायला, घरपोच सामान मागवायला तो उपयोगी पडतो.

दर देशाची रीत वेगळी. जर्मनीत २०१७ पासून ओळखपत्राची तपासणी झाल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. सुपरमार्केटमध्ये पाकीट मिळतं, पण ओळख व्हिडिओ कॉलवर पटवावी लागते आणि तिथे भारतीय पासपोर्ट कधी कधी अडतो. त्यापेक्षा कंपनीच्या दुकानात पासपोर्ट घेऊन जाणं सोपं. रविवारी मात्र जर्मनीत दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री उतरणाऱ्यांनी सोमवारपर्यंतची सोय पाहावी. इटलीत, स्पेनमध्ये, फ्रान्समध्येही पासपोर्ट दाखवावा लागतो. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये मात्र प्रीपेड सिम पाव-बटर घेतल्यासारखं उचलून पैसे देता येतात. विमानतळावरचा गाळा सगळीकडेच महाग असतो, फ्रँकफर्ट काय नि रोम काय.

आणि पाकिटावरचे जीबी घरच्या देशापुरते असू शकतात. कायद्यानं कंपनीला बाहेरच्या वापरावर ‘वाजवी वापरा’ची मर्यादा घालता येते. मर्यादेचं सूत्रही ठरलेलं आहे. अनलिमिटेड योजना असेल तर तिची करविरहित किंमत घ्यायची, तिला त्या वर्षीच्या घाऊक दरानं भागायचं आणि दुप्पट करायची. २०२६ साठी घाऊक दराची कमाल मर्यादा जीबीला १.१० युरो आहे. म्हणजे कर वगळून २० युरोची अनलिमिटेड योजना असेल तर संघातल्या दुसऱ्या देशांत निदान ३६ जीबी मिळायला हवेत, त्यापुढे कंपनी पैसे लावू शकते. शिवाय हा बिनरोमिंगचा हक्क मुळात त्या देशात राहणाऱ्यांसाठी आहे. फ्रेंच सिम घेऊन चार-चार महिने जर्मनीतच मुक्काम ठोकला तर कंपनी हटकू शकते. टूरवाल्यांना याची झळ लागत नाही, पण वर्षभरासाठी शिकायला गेलेल्या मुलामुलींनी राहत्या देशाचंच सिम घ्यावं.

फोन तिकडच्या टॉवरला ओळखेल का?

बहुतेक ओळखेल. मोबाइल कंपन्या ठरावीक लहरींच्या पट्ट्यांवर चालतात, त्यांना बँड म्हणतात. फोर-जीचे बँड १ आणि ३ इकडेही आहेत आणि तिकडेही, त्यामुळे शहरांत प्रश्न येत नाही. युरोपच्या खेड्यापाड्यांत आणि डोंगरांत मात्र बँड २०, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झची पट्टी बरीच वापरतात. भारतात फोर-जीसाठी ती वापरत नाहीत, म्हणून इथे विकलेल्या काही स्वस्त फोनांत ती नसते. पॅरिसमध्ये झकास चालणारा फोन एखाद्या दरीतल्या हॉटेलवर मुका झाला तर सिमला शिव्या देण्याआधी हे आठवा. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बँडची यादी असते.

‘आम्हाला इंटरनेट नकोच, साधा बटणांचा फोन नेतो’ असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. काकांनी जपून. जर्मनीत थ्री-जी २०२१ मध्येच बंद झालं, टू-जी अजून आहे. स्वित्झर्लंडमध्ये टू-जीच गेलंय. त्यामुळे जुना टू-जीचा डबा फ्रँकफर्टला वाजेल आणि लुझर्नला गप्प बसेल. फोर-जीवरून बोलणारा, म्हणजे व्होल्टी असलेला फोन हवा, आणि ती सोय रोमिंगमध्येही चालते का हे कंपनीला विचारून घ्यायला हवं. जिओ भारतात मुळातच फोर-जी आणि त्यापुढचं असल्यानं जिओवाल्यांना ही व्होल्टीची भाषा नवी नाही.

ओटीपी आणि यूपीआयचं काय?

भारतीय सिम फोनमध्ये, त्याचा डेटा बंद, पण आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू: ही स्थिती हवी. डेटा बंद असला तरी एसएमएस येतात, आणि रोमिंगमध्ये येणारे एसएमएस आपल्या कंपन्या सहसा फुकट देतात. पॅक न घेताही ओटीपी येऊ शकतो, मात्र ही सेवा निघण्याआधी ॲपमधून चालू करून घ्यायची. विमानात बसल्यावर ते करायचं म्हटलं तर व्हायचं नाही.

पॅक नसताना येणारा फोन उचललात तर मिनिटावर पैसे लागतात. ‘क्रेडिट कार्ड हवंय का सर’ हा फोन व्हेनिसच्या गोंडोलात बसून उचलायचा नाही. आणि न उचललेले फोन दुसऱ्या नंबरवर वळवण्याची सोय चालू असेल तर ती आधी काढून टाका. तुमच्यापर्यंत इटलीत आलेला फोन पुन्हा भारतात वळवला की दोन्ही बाजूंचा आकार तुमच्याच माथी बसू शकतो.

यूपीआयचं ॲप नव्या फोनमध्ये चालू करताना भारतीय सिमवरून एक एसएमएस बाहेर जावा लागतो. म्हणून टूरच्या आठवडाभर आधी नवा फोन घ्यायची हौस असेल तर सगळी ॲप इथेच चालू करून मग निघा. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटांना यूपीआय चालू झालंय, पण तेवढ्यावर विसंबून फ्रान्सभर कार्डाशिवाय फिरता येईल अशी समजूत नको.

नुसत्या वाय-फायवर भागणार नाही का?

हॉटेलात, बसमध्ये, जर्मनीच्या आयसीई गाड्यांत वाय-फाय असतं, खरंय. पण ते लागतं तेव्हा नसतं. ग्रुप लुव्हरमधून बाहेर पडला, टूर मॅनेजरनं बसची जागा बदलल्याचा मेसेज टाकला आणि तुम्ही रस्त्यावर नेटशिवाय उभे. चुकामूक व्हायची ती अशीच. शिवाय अनेक सार्वजनिक वाय-फाय आधी नंबर मागतात आणि त्यावर कोड पाठवतात, म्हणजे पुन्हा सिमकडेच आलो. निदान एक-दोन जीबीचा आधार खिशात असावा.

टूर कंपनीनं सिम भेट दिलंय, तेही ठीक. फक्त ते कुठल्या देशाचं, स्वित्झर्लंडमध्ये चालतं का आणि जीबी किती, हे तीन प्रश्न त्यांना विचारा.

किती डेटा लागेल? नकाशा आणि मेसेज यांना फारच थोडा. व्हिडिओ कॉलला ढोबळमानानं तासाला काहीशे एमबी. खरा खादाड वेगळाच असतो: दिवसभर काढलेले शेकडो फोटो आणि टिटलिसच्या बर्फातले व्हिडिओ फोन गुपचूप क्लाउडवर चढवत राहतो. गूगल फोटो किंवा आयक्लाउडचं बॅकअप ‘फक्त वाय-फायवर’ करून ठेवा, शहरांचे नकाशे घरूनच उतरवून घ्या, मग दहा दिवसांना पाच-सात जीबी बहुतेकांना पुरतात.

हद्द, जहाज आणि ११२

टॉवरच्या लहरींना सरहद्द समजत नाही. जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावर, जर्मनीच्या कॉन्स्टान्झमध्ये, इटलीतल्या कोमोच्या वरच्या डोंगरात फोन स्विस टॉवर पकडू शकतो. पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसेल तर अशा ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची निवड आपोआपवरून काढा आणि त्या देशाची कंपनी स्वतः निवडा. हद्द ओलांडल्यावर पुन्हा ‘आपोआप’ करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या देशात फोन जुन्याच कंपनीला हाका मारत बसेल.

स्कँडिनेव्हियाच्या टूरमध्ये कोपनहेगन ते ऑस्लो किंवा स्टॉकहोम ते हेलसिंकी असा रात्रभराचा जहाजप्रवास असतो. किनारा मागे पडला की जहाजावरचा उपग्रहाचा टॉवर फोनला बोलावतो. पडद्यावर ‘मेरिटाइम’ किंवा ‘ॲट सी’ असं नाव दिसू लागतं. याला बिनरोमिंगचा नियम लागू नाही, बहुतेक पॅकही लागू नाहीत आणि दर डोळे पांढरे करणारे असतात. जहाजावर चढताना फ्लाइट मोड लावा, वाटल्यास त्यावर वाय-फाय तेवढं चालू ठेवा. विमानातल्या मोबाइल सेवेलाही हेच.

संकटात ११२ हा नंबर संपूर्ण युरोपीय संघात चालतो, भारतात चालतो तसाच, आणि त्याला पैसे पडत नाहीत. काही देशांत तो सिम नसलेल्या फोनवरूनही लागतो. जर्मनीत मात्र खोट्या फोनांचा सुळसुळाट झाल्यामुळे २००९ पासून चालू सिमशिवाय तो लागत नाही.